महामायाच्या फोनचे बिल

देऊळघाट
८ नोव्हेंबर २००९

प्रिय वहाब यास सहदेवचा जय भीम.

तुझ्या कानांना आता फोनवरचे काही ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहितो. पण खरे सांगतो, तुझे कान शाबूत असते तरी मी पत्रच लिहिले असते. फोन म्हटले की मला हल्ली घाम फुटतो.

आमची महामाया नर्सिंग करून जावयाबरोबर ऑस्ट्रेलियात गेली, मेलबर्नला, हे तुला ठाऊक आहे. तिला दिवस गेले आहेत. जानेवारीत बाळंत होईल. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण रजा आणि तिकीट दोन्ही जमले नाही. अन्नपूर्णाने अन्न सोडले. तेव्हा देवानंदने घरात इंटरनेट घेतले. एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याच्यावर एक डोळा बसवला. दर रविवारी दुपारी तासभर त्यात लेक दिसते आणि बोलते. आता अन्नपूर्णाने ठरवले आहे की बाळाची आंघोळ आपल्या नजरेखालीच होईल. गावातली निम्मी लेकरे जिने न्हाऊमाखू घातली ती सोजराबाई इथे यंत्रासमोर बसून दाखवेल, आणि तिथे तसेच करायचे.

सगळे ठीक होते, पण बिल आले. ते बघून देवानंद म्हणाला, "बाबा, अजून दोनदा असं बिल आलं त मी लाईन कापून टाकतो. पऱ्हाटी लाल्यानं खाल्ली, आपल्याले हे यंत्र खाईन."

त्याचे चूक नाही. औंदा पावसाने ओढ दिली. कपाशीचे महागाचे बीटी बियाणे लावले, पण बोंडे धरायच्या वेळीच पाने लाल झाली आणि दुसऱ्या वेचणीत शेत रिकामे. पण लाईन कापली तर आंघोळीचे काय? ही बाई पुन्हा अन्न सोडेल.

मी आपल्या परीने उपाय केले. बोलणे सुरू झाले की घड्याळ घेऊन बसतो आणि "आटपा, आटपा" म्हणतो. अन्नपूर्णा म्हणते, "मी काय लिलावात बोली लावून राह्यली का?" तुझी सून मलिहा कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते. तिला विचार, पैसे शब्दावर पडतात की वेळेवर? गप्प बसले तर लागतात का? ऑस्ट्रेलिया लांब आहे म्हणून जास्त पडत असतील, तर महामाया त्या देशाच्या अलीकडच्या टोकाला राहायला गेल्यास काही फरक पडेल का?

आणखी एक, कोणाला सांगू नको. पीक बुडाले हे महामायाला कळवले नाही. पोटुश्या पोरीने काळजी करू नये. कॉम्प्युटर कापसाच्या खोलीतच आहे. मी तिथे बाज भिंतीला तिरपी उभी केली, तिच्यावर गोधड्या टाकल्या, आणि वरून होता तेवढा कापूस पसरला. समोरून डोंगर दिसतो. ती म्हणाली, "बाबा, औंदा लय पिकलं!" मी हाव म्हटले.

तुझा
सहदेव


खामगाव
१४ नोव्हेंबर २००९

प्रिय सहदेव, सलाम.

तुझं पत्र मलिहाने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "अलीकडच्या टोकाला" इथे आली आणि तिला पुढे वाचवेना. शेवटी तिच्या सासूने, सरवरीने, तिला पाणी दिलं. मी म्हटलं, हसू नकोस बाई, हा माणूस चौथीत असतानाही शाळेची घंटा झिजेल म्हणून काळजी करायचा.

आता नीट ऐक. मलिहा सांगते ते मी लिहितो. पैसे शब्दावर पडत नाहीत आणि अंतरावर तर नाहीतच. शेगावच्या माणसाशी बोल की मेलबर्नच्या, सारखंच. महिन्याची एक टाकी तुला ठरल्या पैशात भरून मिळते. ती संपली की पुढचं पाणी मापून विकत. नुसता आवाज म्हणजे गडवाभर पाणी. चित्र म्हणजे घागरींमागून घागरी. म्हणून चेहरा घडीभर बघा, मग चित्र बंद करून पोटभर बोला. कॉम्प्युटरवरून तिच्या फोनला लावत असाल तर ते बंद करा, त्याचे वेगळे पैसे पडतात. तिच्या कॉम्प्युटरलाच लावा.

आठवड्यातून तासभर बोलून टाकी संपू नये, असं मलिहाचं म्हणणं आहे. तिला काहीतरी खटकतं आहे.

आणि बाजेवर कापूस? अरे, मी जन्मभर पिंजाऱ्याचा धंदा केला. एवढाशा कापसाची एवढी जाड गादी मलाही कधी दाखवता आली नाही. तू माझ्या दुकानात असतास तर माझा बंगला झाला असता.

अन्नपूर्णा वहिनींना सलाम.

तुझा
वहाब


देऊळघाट
१२ डिसेंबर २००९

प्रिय वहाब,

घात झाला. बिल कमी व्हायच्या ऐवजी दुपटीच्या वर गेले.

मलिहाचे सगळे ऐकले, एवढेच की चित्र बंद करायला अन्नपूर्णा तयार नाही. म्हणते, "आवाजात पोट दिसते काय? पोट खाली सरकलं का, पाय सुजले का, हे मी कानानं पाहू का?" मग मी मधला मार्ग काढला. रविवारी एक तास बोलण्याऐवजी रोज दहा मिनिटे. महिन्याचा हिशेब जवळपास तितकाच, आणि आईचा जीवही रोज शांत. मला माझ्या अकलेचे कौतुक वाटले होते.

बिल आले तेव्हा मला खात्रीच झाली की ही चोरी आहे. विजेच्या तारेवर लोक आकडा टाकतात, तसा कोणीतरी आमच्या इंटरनेटवर आकडा टाकला. आमची तार शेजारच्या हिंमतरावच्या भिंतीवरून येते. त्याच्या घरात टीव्ही नवा आहे. मी दोन दिवस काठी घेऊन तारेखाली बसलो. तिसऱ्या दिवशी हिंमतराव बाहेर आला.

"काय हो सहदेवभाऊ, तारेवर पोपट पकडून राह्यले का?"

मी म्हटले, "पोपट नाही, चोर."

"कोन चोर?"

"ज्याच्या घरात टीव्ही नवा हाय तो."

तो काय बोलला ते इथे लिहीत नाही. त्याची आई जनकाबाई ओट्यावर येऊन म्हणाली, "आमच्या टीव्हीत तुमची महामाया दिसते का, येऊन पाहा!" आता त्यांच्याकडून ताक येणे बंद झाले आहे.

देवानंदने शेवटचे सांगितले. जानेवारीचे बिल असेच आले तर लाईन जाईल. बाळ जानेवारीतच येणार. सोजराबाई रोज विचारते, "माहा नंबर कवा हाय?" तिने तर सरावासाठी एक कोहळे राखून ठेवले आहे. मी तिला काय सांगू?

मलिहाला म्हणावे, हसणे पुरे झाले, आता इलाज सांग.

तुझा
सहदेव


खामगाव
१७ डिसेंबर २००९

प्रिय सहदेव,

यावेळी मलिहा हसली नाही. तिने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अब्बा, बोलणं तेवढंच राहिलं आणि बिल वाढलं, म्हणजे पाणी बोलण्यात जात नाही. बोलून झाल्यावर जातं." ती विचारते की बोलणं संपलं की तुम्ही नेमकं काय करता? कोण उठतं, कोण कुठलं बटण दाबतं, सगळं लिही. काही गाळू नकोस.

हिंमतरावपासून तुझी काठी तेवढी लांब ठेव. इंटरनेटला आकडा टाकण्याएवढी अक्कल त्याच्याकडे असती, तर त्याने शाळेत तुझ्या पाटीवरून उत्तरं उतरवली नसती. तुझी उत्तरं!

तुझा
वहाब


देऊळघाट
२२ डिसेंबर २००९

प्रिय वहाब,

विचारलेस म्हणून लिहितो, पण यात काही विशेष नाही.

दुपारी जेवणे झाली की देवानंद फोन जोडून देतो आणि शेतात जातो. अन्नपूर्णा बोलते, मी घड्याळ धरतो. दहा मिनिटे झाली की मी "बस" म्हणतो. अन्नपूर्णा म्हणते, "बरं बाई, तब्बेतीले जपजो." महामाया म्हणते, "हाव आई." मग दोघी गप्प बसून एकमेकींकडे बघत राहतात. मग अन्नपूर्णा उठते आणि चुलीकडे जाते.

कापायचा मात्र नाही. पहिल्याच दिवशी देवानंद फोन कापायला गेला, तर तिने त्याचा हात धरला. "लेकीचा फोन आपुन कापाचा नाही. तिले वाटन माहेरानं दार लावलं. तिचं तिले कापू दे." मला ते पटले. आपल्यात कोणी जायला निघाला तर 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तसेच हे.

मग मी शेवटी उठतो आणि टीव्हीसारखी काच असते तिचे बटण दाबतो, म्हणजे काच काळी होते आणि वीज वाचते. खालचा डबा घरघरत असतो, त्याला मी हात लावत नाही. आपले डिझेल इंजिन आठवते ना? हँडल मारून एकदा सुरू केले की दिवसभर बंद करायचे नाही, पुन्हा सुरू करताना तेल जास्त पिते. तसाच हाही डबा असणार. संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये लाईट गेली की आपोआप बंद पडतो.

यात कुठे काय चुकले?

तुझा
सहदेव


खामगाव
२६ डिसेंबर २००९

अरे माझ्या दोस्ता,

मलिहाने पत्र वाचलं, खाली ठेवलं, आणि खाटेवर आडवी झाली. तौसिफ दुकानातून धावत आला, त्याला वाटलं बायकोला काही झालं.

तू दाबतोस ते बटण नुसतं काच विझवायचं आहे. फोन चालूच राहतो. चित्र इकडून तिकडे जात असतं, तिकडून इकडे येत असतं, लाईट जाईपर्यंत. आई म्हणते लेकीने कापावं. लेक म्हणत असेल, आईचा फोन मी कसा कापू? आणि दोघींच्या अदबीत तुझी टाकी रोज दुपारभर फुटून वाहते आहे. पूर्वी हे आठवड्यातून एकदा व्हायचं, तू हुशारी करून रोज केलंस. लोडशेडिंगला लोक शिव्या देतात, तुझं घर त्यानेच वाचवलं.

तेव्हा बोलणं झालं की लाल खुणेवर टिचकी मारून फोन कापायचा आणि डबाही बंद करायचा. तो डिझेल पीत नाही.

आणखी एक. मलिहाने तुमच्या लाईनचं विचारून घेतलं. पहाटेपासून सकाळी आठपर्यंत वापराला मोजमाप नाही, चित्र पाहिजे तेवढं बघा. तुमच्याकडे सात वाजतात तेव्हा मेलबर्नला भरदुपार असते. बाळाच्या आंघोळीला याहून चांगली वेळ कोणती?

एक गोष्ट मात्र सांगायला जड जातं. काच तुझी काळी होती, तिची नाही. तू गेल्यावरही तिला तुझी खोली दिसत होती. ती बाज तू कधी हलवली असशील तर आठवून बघ.

तुझा
वहाब


देऊळघाट
३ जानेवारी २०१०

प्रिय वहाब,

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस त्या खोलीत गेलो नाही. बाज एकदा नाही, तीन-चारदा हलवली. एकदा गोधडीच काढून घेतली, थंडी होती म्हणून. एकदा डोंगर पडला तेव्हा मी त्याला लाथ घातली आणि दोन शिव्याही दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन जोडला. मी आडून आडून विचारायला लागलो तर महामायाच हसली.

"बाबा, तुम्ही बाजेवर कापूस सारवून राह्यले होते, ते मी नोव्हेंबरातच पाह्यलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही इतकी मेहनत करून राह्यले होते. म्हटलं, करू द्या."

अन्नपूर्णाने डोक्याला हात लावला. मी म्हटले, "पन मंग फोन तू काऊन कापत नव्हती? इथं बिलानं जीव गेला आमचा!"

बिलाचे तिला काहीच ठाऊक नव्हते. तिकडे त्यांनी बांधलेल्या पैशाची लाईन घेतली आहे, कितीही वापरा, म्हणून तिला वाटले आपलीही तशीच. मग म्हणाली, "हे संध्याकाळी ड्युटीवर जातात. घरात मी एकटी. तुम्ही उठून गेले तरी आईचा भांड्यांचा आवाज यायचा, कोंबड्या यायच्या खोलीत, तुम्ही एकटेच काहीतरी पुटपुटत कापूस लोटायचे. मी इकडं भाजी चिरत बसायची. वाटायचं, घरातच बसली हाय. म्हणून नव्हती कापत."

वहाब, मी इतके दिवस ज्या चोराला शोधत होतो तो हा. अन्नपूर्णा लगेच म्हणाली, "मंग आता सकाळी जोडत जाऊ. आठ वाजेपर्यंत चालू राहू दे, तू चिर भाजी." तसे आता रोज चालते. ती तिथे दुपारचे काम करते, अन्नपूर्णा इथे भाकरी थापते, कधी कोणी बोलते, कधी नाही.

कापण्याचा प्रश्न असा सुटला की आठच्या आधी अन्नपूर्णा म्हणते, "मी चुलीपाशी गेली की मंग तुमाले काय कराचं ते करा." ती पाठ फिरवते, मी टिचकी मारतो.

हिंमतरावकडे जाऊन आलो. त्याने आधी सगळी गोष्ट दोनदा सांगायला लावली, मग गल्लीतल्या लोकांना बोलावून तिसऱ्यांदा. जनकाबाईने ताक दिले. अपमान झाला, पण ताक चांगले होते.

एक नवी पंचाईत आहे. पुढच्या आठवड्यापासून लोडशेडिंगचे वेळापत्रक बदलते. सकाळी सहालाच लाईट जाईल. फुकटची वेळ आणि अंधाराची वेळ एकच. मी काय करू?

तुझा
सहदेव


खामगाव
९ जानेवारी २०१०

प्रिय सहदेव,

तुझं पत्र यावेळी मलिहाने मोठ्याने वाचलं नाही. मनात वाचून सरवरीच्या हातात दिलं. आमची अलीजा लग्न होऊन सुरतला गेली आहे, ठाऊक आहे ना. सरवरी म्हणाली, आपल्याकडेही ते यंत्र बसवा. तौसिफने हो म्हटलं. माझ्या कानांचा उपयोग नाही, पण बघायला डोळे चांगले आहेत.

लाईटीची काय काळजी करतोस? तुमच्या गावात दयाराम मंडपवाला आहे. लग्नसराई सुरू व्हायला वेळ आहे, त्याचा जनरेटर पडूनच असेल. मात्र तो खोलीपासून लांब ठेव, नाहीतर सोजराबाईचं ओरडणं ऐकू जायचं नाही.

सरवरीने बाळासाठी एक लहानशी गादी शिवली आहे. कापूस मी पिंजला, हात अजून चालतो. ती मेलबर्नला पाठवायचं तू बघ. आत कापूसच आहे, बाज नाही.

तुझा
वहाब


देऊळघाट
२९ जानेवारी २०१०

प्रिय वहाब,

मुलगी झाली. ऑपरेशन करावे लागले, पण दोघी सुखरूप आहेत. दवाखान्यातून घरी आल्या आणि काल आंघोळ झाली.

दयारामने जनरेटर गोठ्यामागे लावला. पैसे घेत नव्हता, म्हणाला मलाही बघू द्या. त्याच्यामागे हिंमतराव आला, जनकाबाई आली, शेजारच्या सत्यभामाबाई आल्या. खोलीत उभे राहायला जागा नव्हती, म्हणून लोक कापसावर बसले. बाज काढलेली आहे, त्यामुळे कोणी पडले नाही.

सोजराबाई न्हाऊन, नवे लुगडे नेसून आली. पाटावर बसली, पाय लांब केले आणि नडगीवर कोहळे आडवे ठेवले. देवानंदने डोळा खाली वळवला. पण तिकडे अडचण झाली. टाके असल्यामुळे महामायाला जमिनीवर बसता येत नव्हते. तेव्हा आमचे जावई अर्ध्या चड्डीवर पाय पसरून बसले. अन्नपूर्णाने झटकन डोक्यावर पदर घेतला. जावयाला असे बघायचे कसे, म्हणून भिंतीकडे तोंड केले, आणि एका डोळ्याने बघत राहिली.

सोजराबाईला मात्र जावईबिवई काही नाही.

"जावाईबापू, पाय जवळ घ्या! मधून लेकरू खाली जाईन!"

"घेतले, घेतले."

"हे काय घेनं हाय? बैलगाडी जाते अजून तिच्यातून!"

मग कोहळ्याला तेल लागले, तिकडे पोरीला. कोहळ्याचे हात नाहीत, म्हणून सोजराबाईने दयारामला जवळ बसवून त्याचे हात चोळून दाखवले. पोरीने असा सूर लावला की जनरेटर ऐकू येईना. जावई घाबरून थांबले. सोजराबाई म्हणाली, "रडू द्या, छाती मोठी होते. पाणी टाका. डोळ्यावर नाही हो! माय वं, याहीले कोनं बाप केलं!" महामाया हसू लागली आणि टाके दुखतात म्हणून ओरडू लागली. शेवटी पोर पुसली, गुंडाळली, आणि गुंडाळताच झोपली. सोजराबाईने कोहळेही टॉवेलने पुसून बाजूला ठेवले.

लोक आपापल्या घरी गेले. जावई कपडे बदलायला गेले. महामायाने पोरीला डोळ्यासमोर धरले आणि अन्नपूर्णा अगदी काचेपाशी सरकली. बोलत कोणीच नव्हते. मी घड्याळ घेऊन बसलो होतो.

देवानंद दारात आला आणि त्याने मला खुणेने विचारले, कापू का? मी उठून त्याला अंगणात घेऊन गेलो.

"बाबा, आठ वाजून गेले," तो म्हणाला.

"हाव," मी म्हटले. "तू चहा ठेव."

तुझा
सहदेव